निळ्या लुगड्याची तपासणी

मी नेमकं काय काम करते, हे सोसायटीत समजावून सांगायचं मी कधीच सोडून दिलंय. म्युझियममध्ये आहे म्हटलं की लोकांना वाटतं मी तिकिटं फाडते. प्रयोगशाळेत आहे म्हटलं की रक्ताचे रिपोर्ट घेऊन येतात. खरं तर काम एका वाक्यात मावतं. जुन्या चित्रांमधले रंग कशापासून बनलेत आणि ते कुठून आले असतील, हे मी यंत्रांच्या मदतीने शोधते. पण हातात भाजीची पिशवी असताना जिन्यात हे वाक्य उच्चारलं की समोरचा माणूस विचारतो, "म्हणजे पेंटिंगचं काम?" शेजारच्या गुजराती भाभींनी घर रंगवायला काढलं तेव्हा शेडकार्ड घेऊन त्या थेट माझ्याकडेच आल्या. "भाभी, आप तो कलर चेक करती हो ना? ये पीच टिकेगा क्या?" टिकेगा, मी म्हटलं. तो टिकला. तेव्हापासून भाईंदर पूर्वेच्या आमच्या गल्लीत माझ्या विद्येला थोडा मान आहे.

आमच्या मासेवाल्या मावशींच्या घरातलं प्रकरण मात्र माझ्या नवऱ्यामुळे माझ्याकडे आलं.

तो रत्नागिरीचा. मासळी आणायला तो मला एकटीला पाठवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली रंगाचा कण ओळखणाऱ्या बाईला शिळा बांगडा ओळखता येत नाही, असं त्याचं स्पष्ट मत आहे आणि ते चुकीचं नाही. रविवारी आम्ही दोघं बाजारात जातो. तो मासे निवडतो, मी पिशवी धरते. आमच्या नेहमीच्या मासेवाल्या मावशी पालीहून येतात, उत्तनच्या बाजूच्या कोळीवाड्यातून. गळ्यात क्रूस, अंगावर कासोट्याचं लुगडं, आणि आवाज असा की बाजारातल्या दुसऱ्या टोकाच्या गिऱ्हाइकालाही आपल्यालाच हाक मारली असं वाटावं.

एका रविवारी त्या सुरमई कापत असताना नवऱ्याने कौतुकाने सांगितलं, "मावशी, ही जुन्या देवांच्या चित्रांचे एक्स-रे काढते."

मावशींचा हात थांबला. कोयता तसाच माशात.

"खरं ताई? मंग देवाच्या चित्रावर मागनं कुनी नवा रंग मारला असंल तर तुमच्या मशीनला कळतं?"

"कळतं."

"आनि मारला नसंल तर?"

"तेही कळतं," मी म्हटलं. "ते सांगायला जरा जास्त मेहनत पडते, पण कळतं."

मावशींनी सुरमईचे तुकडे पिशवीत टाकले, न मागता मूठभर कोलंबी वर घातली आणि म्हणाल्या, "मंग तुमी आमचे घरा याच."

मग तिथेच, मधूनमधून इतर गिऱ्हाइकांवर ओरडत, त्यांनी सगळी कहाणी सांगितली. त्यांच्या सासरच्या घरी लाकडाच्या फळीवर रंगवलेलं माऊलीचं जुनं चित्र आहे. माऊली म्हणजे येशूची आई, कडेवर बाळ. चित्र किती पिढ्यांचं, कुणालाच ठाऊक नाही. घरात सांगतात की ते पोर्तुगालहून गलबतातून आलं. मावशींना सख्खी नणंद एकच. ती लग्न करून जवळच्याच चौक गावी गेली आणि लगेच नवऱ्यासोबत कुवेतला. बरीच वर्षं तिकडे काढून ती परत आली, भावाच्या घरात शिरली, चित्रासमोर गुडघे टेकायला गेली आणि थबकली. म्हणाली, "माऊलीचं लुगडं हिरवं व्हतं. हे निळं कुनी केलं?"

"मी म्हटलं, बाय, ते निळंच हाय पयल्यापासून. तिनं ऐकलंच न्हाय. बोलली, वयनी, तू रंग मारून घेतलास. माझे आईची माऊली तू बिघडवलीस." मावशी सांगत होत्या. "तवापासून माझे घरात पान्याचा घोट घेत न्हाय ती. लग्नाला येते, मयताला येते, ओट्यावर बसते नि जाते. आता माझे डोकीचे केस पिकले, तिचेबी पिकले."

"जुना फोटो नाही का एखादा?" नवऱ्याने विचारलं.

"हाय की. तिच्याच लग्नातला. मागं माऊली दिसते." मावशींनी कोयता पुसला. "काळा-पांढरा."

आमच्या विभागाला किनाऱ्यावरच्या जुन्या रंगीत लाकूडकामाच्या नोंदी हव्याच होत्या. त्यामुळे साहेबांनी रीतसर परवानगी दिली आणि हातात धरायचं एक्स-रे यंत्रही. दिसायला ते भिंतीला भोक पाडायच्या ड्रिलसारखं आहे. हिवाळ्यातल्या एका सकाळी मी आणि नवरा स्टेशनचा पूल ओलांडून पश्चिमेला गेलो आणि बस पकडली. यंत्राची पेटी त्याने मांडीवर घेतली होती. शेजारच्या माणसाने विचारलं, "ड्रिल मशीन हाय काय?" नवरा म्हणाला, "हो." त्यालाही जिन्यातला अनुभव होता.

पालीच्या गल्ल्या अशा की समोरून स्कूटर आली तर कुणीतरी एकाने कुणाच्या तरी ओट्यावर चढायचं. मावशींचं घर समुद्राच्या बाजूचं, पक्कं, स्वच्छ. पुढच्या खोलीत शिरल्याबरोबर चित्र दिसलं. हातभर उंचीची फळी, भोवती जाड काळपट चौकट. माऊलीचा चेहरा गोल आणि गव्हाळ, डोळे मोठे, जरासे आश्चर्याने उघडलेले. लुगडं फिकट निळं, राखाडीकडे झुकणारं. समोरच्या भिंतीला भलीमोठी खिडकी होती आणि खिडकीत समुद्र.

कुठल्याही चित्राला यंत्र लावण्याआधी मी थोडा वेळ नुसतीच बघते. तेवढ्यात मावशींनी मेणबत्ती लावून प्रार्थना उरकली. "आता लावा," त्या म्हणाल्या, "मी माऊलीला सांगितलंय, दुखनार न्हाय."

यंत्राचं काम समजायला कठीण नाही. ते रंगावर क्षीण एक्स-रे टाकतं आणि त्या रंगात जी मूलद्रव्यं असतील ती आपापली खूण परत पाठवतात. पडद्यावर नावं उमटतात. बाळाच्या लाल अंगरख्यात पारा निघाला. म्हणजे तो हिंगूळ. डोळ्यांच्या पांढऱ्यात शिसं, म्हणजे जुना सफेदा. मग लुगडं. मला शोधायचं होतं ते टायटॅनियम. गेल्या शंभरेक वर्षांतल्या पांढऱ्या रंगात ते हमखास असतं, आणि पांढरा मिसळल्याशिवाय कुणी फिकट निळा रंग करत नाही. मावशींनी किंवा कुणीही रंगाचा डबा आणून लुगडं रंगवलं असतं, तर टायटॅनियम सापडलंच असतं.

सापडलं नाही. खांद्यावर नाही, गुडघ्यावर नाही, पदरावर नाही.

"मावशी, लुगड्यावर नवा रंग नाही," मी म्हटलं.

त्या चटकन खुर्चीवर बसल्या आणि पदर डोळ्यांना लावला. नवरा गडबडून पाणी आणायला आत गेला आणि स्वयंपाकघरात अनोळखी सुनेसमोर जाऊन उभा राहिला.

पण मी अजून पडद्याकडेच बघत होते. निळ्या लुगड्यात जिथे तिथे आर्सेनिक येत होतं. आर्सेनिक, म्हणजे सोमल. डोक्यामागच्या पिवळट तेजात ते आलं असतं तर मला नवल वाटलं नसतं, तिथेही ते होतंच. पण निळ्यात त्याचं काय काम?

मी हे मोठ्याने बोलले ती माझी चूक झाली. मावशी ताडकन उठल्या. "सोमल? म्हंजे इख? माऊलीच्या लुगड्यात इख?"

"विष खरं, पण घाबरण्यासारखं नाही. जुन्या रंगांत असायचं ते. फक्त चाटायचं नाही."

"आमी मुका घेतो रोज! लहान पोरंबी घेतात!"

"मुका चौकटीचा घ्या," नवरा आतून म्हणाला. ती सूचना इतकी सरळ होती की मावशींनी ती ताबडतोब मान्य केली.

निघण्यापूर्वी मी परवानगी मागून, लुगड्याच्या कडेला आधीच तडकलेल्या जागेवरून, टाचणीच्या टोकावर मावेल एवढा रंगाचा कण घेतला. तो कुपीत जाताना मावशींनी कपाळाला, छातीला आणि खांद्यांना बोटं लावून क्रूसाची खूण केली.

त्या कणामुळे माझा पुढचा आठवडा मजेत गेला. आमच्या कामात बहुतेक दिवस कंटाळवाणे असतात हे मी प्रामाणिकपणे सांगते. तासन्‌तास आलेख बघायचे आणि शेवटी लिहायचं की काजळी आणि गेरू. पण या वेळी सूक्ष्मदर्शकाखाली कण ठेवला आणि मी खुर्चीतच सरळ झाले. कणाच्या वरच्या बाजूला निळं होतं. पण खालच्या थरात, जिथे उजेड पोचला नव्हता, निळ्या कणांच्या शेजारी पिवळेजर्द, अभ्रकासारखे चमकणारे तुकडे होते. खाली आणखी एक पांढरा थर, आणि त्यात अर्धवट भाजलेल्या शिंपल्यांच्या कपच्या.

पिवळा तो हरताळ. पोथी लिहिताना चुकलेलं अक्षर झाकायला पूर्वी जो फासत, तोच. आपण आजही कुणाच्या बेतावर हरताळ फासला म्हणतो आणि तो कसा दिसतो हे कुणाला माहीत नसतं. त्यात आर्सेनिक असतं. निळा रंग कोणता, ते एक्स-रे सांगू शकत नव्हते. म्हणून दुसऱ्या यंत्राने कणावर प्रकाश टाकून परत येणारा उजेड मोजला, आणि ती नीळ निघाली, झाडाच्या पानांपासून काढलेली. नीळ आणि हरताळ एकत्र खलले की काय होतं, हे रंगपेटी हाताळलेल्या कुठल्याही मुलाला सांगता येईल.

हिरवा होतो.

आणि हरताळाची खोड अशी की उन्हात राहिला तर तो हळूहळू पांढरट पडतो. पिवळा निघून गेला की मागे निळाई उरते.

मी लगेच मावशींना फोन केला नाही. कण एवढासा होता, आणि मला आणखी एक गोष्ट तपासायची होती. चित्रातली कुठलीतरी जागा अशी हवी होती जिथे ऊन कधीच पडलं नाही. आणि तशी जागा होती. चौकटीच्या आतली कड.

रविवारी बाजारात मी मावशींना एवढंच म्हटलं, "पुन्हा यायचंय. चौकट काढावी लागेल. आणि तुमच्या नणंदेलाही बोलवा."

"ती यायची न्हाय."

"तिला सांगा, लुगडं हिरवं होतं का ते बघायचंय."

मावशींनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. आपण केलेली वकील अचानक दुसऱ्या बाजूला जाऊन बसली की माणूस जसं पाहील तसं. पण त्यांनी निरोप दिला. ठरल्या दिवशी त्यांचा मोठा मुलगा, स्वतःची होडी असलेला चांगला पन्नाशीचा माणूस, आत्याला चौकहून स्कूटरवर घेऊन आला. सगळे त्यांना आत्याच म्हणत होते, म्हणून मीही म्हटलं. फुलाफुलांचा फ्रॉक, सोनेरी काड्यांचा चष्मा, पाठ ताठ. ओट्यावर बसल्या आणि तिथूनच माझी उलटतपासणी सुरू झाली.

"तुमाला कुनी बोलवलं? वयनीनं?"

"हो."

"मंग तुमी तिचेच बाजूचं बोलनार."

"यंत्राला बाजू नसते, आत्या."

"मशीनला नसंल. चालवनारीला असते."

 मग मी म्हटलं, "असं करूया. तुम्ही सांगाल तिथेच मी यंत्र लावते, आणि पडद्यावर काय आलं ते तुम्हीच वाचायचं. इंग्रजी अक्षरं येतात, शिशाला पी-बी, सोमलाला ए-एस. त्यात टी-आय आलं तर समजायचं नवा रंग आहे. नाही आलं तर नाही."

हे त्यांना पटलं. त्या उठल्या आणि किती वर्षांनी कोण जाणे, उंबरा ओलांडून आत आल्या. मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. दोघी एकमेकींकडे बघितल्यासारखं करून बघत नव्हत्या.

आत्यांना हाऊजीच्या खेळात आकडे पुकारायची सवय असावी. पडद्यावरची अक्षरं त्या त्याच थाटात पुकारू लागल्या. "खांद्याला लावा... पी-बी! ए-एस! टी-आय न्हाय. पदराला... ए-एस! एफ-ई! टी-आय न्हाय. खाली, गुडघ्याला... न्हाय." प्रत्येक 'न्हाय'नंतर त्यांचा आवाज थोडा उतरत होता आणि दारातून मावशींचा सुस्कारा ऐकू येत होता. नवरा आणि मावशींचा मुलगा कोपऱ्यात उभे राहून निकाल ऐकत होते.

"आता पायाला," आत्या म्हणाल्या. "बाळाच्या."

मी बाळाच्या पायाच्या अंगठ्याला यंत्र लावलं.

"टी-आय!"

 मी पुन्हा लावलं. पुन्हा टी-आय, आणि थोडंथोडकं नाही.

"बघा!" आत्यांनी चष्मा काढून हातात धरला. "बघा! मी कवापासनं सांगते! वयनीनं रंग मारलाय!"

सगळ्यांच्या माना स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. मावशींचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं आता मी यंत्र पेटीत घालून गुपचूप बस पकडावी.

"लुगड्याला न्हाय मारला," मावशी अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. त्यांचा तसा आवाज मी त्यापूर्वी ऐकला नव्हता. "बाळाचे अंगठ्याचा रंग उडाला व्हता. बरं दिसत नव्हतं. नातीचं नेलपालिश व्हतं घरात. गुलाबी. जरासं लावलं."

"नेलपालिश?"

"दोन हात दिले. पयला सुकल्यावर दुसरा."

मावशींचा मुलगा भिंतीकडे तोंड करून हसू लागला. त्याचे खांदे हलताना दिसत होते. नवऱ्याने खिडकीबाहेरच्या होड्यांमध्ये अचानक खूप रस घेतला. आत्या मात्र हटल्या नाहीत.

"आनि लुगडं?"

"बाय," मावशी आता पुढे आल्या, आवाज परत आला होता, "एवढ्या लुगड्याला नेलपालिशच्या किती बाटल्या लागल्या असत्या, तूच सांग!"

आत्यांनी चित्राकडे पाहिलं, मग वहिनीकडे पाहिलं. ओठ घट्ट दाबून धरले, पण उपयोग झाला नाही. आधी नाकातून एक आवाज आला आणि मग त्या हसल्या. त्या हसल्यावर मग कुणीच थांबलं नाही.

हसणं ओसरलं तसं मी चित्र खाली काढून टेबलावर जाड चादरीवर पालथं ठेवायला लावलं. मावशींच्या मुलाने पकडीने चौकटीचे खिळे एकेक करून उपटले. खिळे गंजलेले, लाकूड सागाचं, घट्ट. शेवटचा खिळा निघाला, आम्ही चौकट अलगद वर उचलली आणि फळी सरळ केली.

चौकटीखाली दडलेली, बोटभर रुंदीची एक पट्टी लुगड्याच्या कडेने वरून खालपर्यंत गेली होती. ती हिरवी होती. नुसती हिरवी नाही, पोपटी नाही, तर नव्या नवरीच्या चुड्याची असते तशी गडद, ताजी हिरवी. तिच्या शेजारी ते सगळं फिकट निळं लुगडं एकदम थकलेलं दिसू लागलं.

आत्या खाली वाकल्या. हात पुढे नेला, पण त्यांना इखाचं कुणीतरी सांगितलं असावं, कारण हात लावला नाही.

"हीच," त्या म्हणाल्या. "हीच ती. माझी आय सांगायची, माऊली आपली नवी नवरी हाय, म्हनून हिरवं नेसलीय."

मग मी त्यांना सगळं समजावलं. नीळ आणि हरताळ, उन्हाने गेलेला पिवळा. "जुन्या घरात ही भिंत कशी होती?" मी विचारलं. आत्या म्हणाल्या, अंधारी, खिडकीच नव्हती. आपल्या लग्नानंतर भावाने घर पाडून पक्कं बांधलं आणि समुद्राकडे ही खिडकी काढली. मग मी दोष खिडकीवर ढकलला. रोज दुपारपासून मावळेपर्यंतचं ऊन थेट चित्रावर, तेही इतकी वर्षं.

"म्हंजे मी नवरी होऊन आले तवा कशी व्हती?" मावशींनी विचारलं.

"बहुतेक हिरवीच. मग हळूहळू बदलत गेली."

"न्हाय. मना निळीच ठाव हाय."

"मावशी, तुम्ही रोज बघत होतात. रोज बघणाऱ्याला कळत नाही."

हे आत्यांनीच पुढे नेलं. "मी कुवेतला गेले तवा ह्यो," त्यांनी भाच्याकडे बोट केलं, "माझे कडेवर व्हता. आले तवा मिशा! मी रडले एअरपोर्टवर. नि तू मना विचारलंस, बाय, काय झालं, एवढा काय मोठा झालाय तो?"

मावशी पट्टीकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता कुणीतरी कुणाची तरी माफी मागेल. तसं काही झालं नाही. आत्यांनी चष्मा फ्रॉकच्या कडेला पुसून परत घातला आणि विचारलं, "वयनी, जेवान काय केलंय?"

मावशी आत गेल्या. भांड्यांचा एवढा आवाज झाला की सून बाहेर येऊन उभी राहिली. बोंबलाचं कालवण, तळलेली सुरमई, तांदळाच्या भाकऱ्या. सहा माणसांना पुरून उरेल इतका स्वयंपाक आधीच तयार होता. ती यायची न्हाय म्हणणाऱ्या बाईने तो कुणासाठी केला होता, हे मी विचारलं नाही.

जेवताना पोर्तुगालचा विषय निघाला. मला तो टाळायचा होता, कारण त्या गलबताचा मावशींना अभिमान होता. पण आत्यांनी सरळ विचारलं, "आनि ही आली कुठनं, ते सांगतं का मशीन?"

मी जेवढं ठामपणे सांगता येतं तेवढंच सांगितलं. लाकूड सागाचं आहे. रंगाखालचा पांढरा थर शिंपल्यांच्या चुन्याचा आहे. पोर्तुगालकडचे चित्रकार तिथे साधारणपणे जिप्सम वापरत, म्हणजे आपण प्लास्टर करतो त्या जातीची माती. नीळ गुजरातेतून आली असेल. हरताळ आपल्याकडे मिळत नाही, तो लांबच्या डोंगरांतून व्यापाऱ्यांबरोबर आला असणार, आणि हिंगुळाबद्दल मी काहीच सांगू शकत नाही. पण ज्या माणसाने हे सगळं एकत्र केलं, तो याच किनाऱ्यावर कुठेतरी बसून काम करत होता, असं मला वाटतं.

"म्हंजे गलबत न्हाय?" मावशींचा घास हातातच राहिला.

"गलबत नाही बहुतेक."

 नवऱ्याने मला टेबलाखालून पाय मारला. मग मावशी म्हणाल्या, "शिंपल्या म्हंजे, ह्याच? आपले दर्यातल्या?"

"अशाच."

झालं. जेवण संपायच्या आत त्या ओट्यावर जाऊन पलीकडच्या घरातल्या बाईला सांगत होत्या, "आगो, आमची माऊली बाहेरची न्हाय! हितलीच हाय! आपले शिंपल्यांची!" त्या बाईला यातलं काय कळलं देव जाणे, पण तिनेही आनंदाने हात जोडले.

प्रश्न इथे संपले नाहीत. आत्यांची मागणी होती की लुगडं पुन्हा हिरवं करून द्यावं. माझ्याकडे यंत्र आहे, रंगांची माहिती आहे, मग अडतं कुठे? मी त्यांना सांगितलं की आम्ही जुन्या रंगावर नवा रंग चढवत नाही. ज्या आरोपावरून एवढी वर्षं अबोला होता, तेच काम आता तुम्ही मला करायला सांगताय. हे ऐकून मावशींना इतका आनंद झाला की त्यांनी मला आणखी एक सुरमईचा तुकडा वाढला. त्यांचं म्हणणं, निळी तर निळी, आपल्याला तशीच आवडते. आत्या म्हणाल्या, तुला आवडते म्हणून काय झालं. आवाज चढले, पण या वेळी कुणी उठून ओट्यावर गेलं नाही.

शेवटी तोडगा मावशींच्या मुलाने काढला. ओळखीच्या सुताराकडून त्याने थोडी मोठी चौकट करून घेतली, म्हणजे ती हिरवी पट्टी झाकली जाणार नाही. वर काच बसवली, ती ऊन अडवणारी, मी सांगितलेल्या जातीची. काच आल्यामुळे मुक्याचाही प्रश्न सुटला. चित्र खिडकीसमोरून हलवून आतल्या भिंतीवर गेलं. मूळ जागेवर आता त्या काळ्या-पांढऱ्या लग्नाच्या फोटोची मोठी प्रत आहे. नेलपालिशचं काय करायचं, हे मला विचारण्यात आलं. ते काढायला आमच्याकडे रीत आहे, मी काढू शकते, असं मी म्हटलं. मावशींनी आशेने आत्यांकडे पाहिलं. आत्यांनी बराच वेळ चित्राच्या जवळ जाऊन अंगठा बघितला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे. रंग बराय."

मग मी आमच्या अहवालात लिहिलं: बाळाच्या उजव्या पायाच्या अंगठ्यावर आधुनिक दुरुस्ती, गुलाबी, दोन थर. साहेबांनी त्या ओळीखाली पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. मी जाऊन त्यांना सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी ते खोडलं.

यंदा माऊलीच्या सणाला मावशींनी आम्हा दोघांना जेवायला बोलावलं होतं. घर पाहुण्यांनी भरलेलं. चित्रासमोर झेंडूच्या माळा, मेणबत्त्या, आणि दोन्ही बाजूंना दोन खुर्च्या. एकीवर मावशी, दुसरीवर आत्या. जो येईल त्याला त्या दोघी मिळून ती पट्टी दाखवत होत्या. मावशींच्या सांगण्यात माऊली आधी थोडी हिरवी होती आणि मग चांगली निळी झाली. आत्यांच्या सांगण्यात ती अस्सल हिरवी होती आणि उन्हाने बिचारीचं लुगडं विटलं. शिंपल्यांबद्दल मात्र दोघींचं एकमत होतं. गर्दीतल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमीच का त्या एक्स-रेवाल्या डॉक्टर? माझा गुडघा दुखतो."

मी त्यांना गुडघ्याच्या डॉक्टरकडे जायला सांगितलं. तेवढ्यात नवऱ्याने हाक मारली. पंगतीत त्याने माझी जागा धरून ठेवली होती आणि भरलेलं पापलेट गार होत होतं.